नवरा : कलेक्टर

"नवऱ्याचं नाव?"

"घेत न्हाय."

"घ्यावं लागेल, बाई. कागदावर लिहायचंय."

"घेतलं की. काल घेतलं. भर रस्त्यात, चार मान्सांत घेतलं. म्हनून तर धरून आनलं मला हितं."

डॉ. रिसबूड माझ्याकडे वळले. "लिहा काळे. नाव सांगत नाही."

मी लिहिलं.

बाई खुर्चीत बसली नव्हती. भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती आणि तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तिला घेऊन आलेली महिला कॉन्स्टेबल, निर्मला बडे, दाराशी उभी होती. शनिवार होता. बारा वाजून गेले होते आणि शनिवारी आमची ओपीडी साडेबाराला बंद व्हायची.

"मी सांगते ना सर, नाव," बडे म्हणाल्या. "कलेक्टर कचेरीच्या फाटकाला धरून दोन तास हिचं एकच चालू होतं. 'कलेक्टर माझा नवरा. कलेक्टरला सोडा.' आत साहेबांची मीटिंग. शिपाई हसून हसून बेजार."

"पयले हसले," बाई म्हणाली. "मग काठ्या आनल्या."

*

साल १९९६. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या खोल्यांमागे, मनोविकार विभाग म्हणून तीन खोल्या आणि दहा खाटा. डॉक्टर एकच. मी एका संस्थेमार्फत तिथे समाजसेवक म्हणून लागलो होतो. चोवीस वर्षांचा होतो. डॉक्टर तपासत, तोंडाने सांगत, आणि केसपेपर मी भरत असे, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

तो केसपेपर माझ्याकडे आहे. मूळ नाही, झेरॉक्स. छापील रकाने आहेत आणि त्यांत माझं चांगलं अक्षर आहे. ही हकिगत रकान्यांच्या क्रमाने सांगायला बसलो होतो, पण काही रकाने एका शब्दाचे आहेत आणि एक रकाना दोन दिवसांचा आहे.

*

नाव : सोजर भोसले.

वय : अंदाजे ३०. ("पाटाला पानी आलं तवा मी रांगत व्हते." कोणत्या पाटाला ते खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तीस मी ठरवले.)

पत्ता : माळ. ("माळ म्हणजे कुठला माळ?" "हायवेच्या कडंचा. उठवलं न्हाय तर तितंच.")

जात : पारधी. हे बडेंनी सांगितलं.

झोप : नाही. नऊ दिवस.

*

विचार :

"बाई," डॉक्टर म्हणाले. ते आवाज चढवत नसत. पेशंटला अहोजाहो करणारा तो दवाखान्यातला एकच डॉक्टर. "कलेक्टर तुमचे यजमान?"

"व्हय."

"याच जिल्ह्याचे?"

"ह्याच. दुसऱ्या जिल्ह्यात कशाला जाईल? तितं बी पोलीस हायेत की."

"मग झालं काय त्यांना?"

"पोलिसांनी नेलं. जीप आली माळावर. बेस्तरवारी. केसाला धरून नेला."

"कलेक्टरना. केसाला धरून."

"मग काय, हाताला धरून नेत्यात?"

बडेंनी तोंडावर रुमाल घेतला.

"कुठे नेलं?"

"ते म्हाईत असतं तर हितं आले असते व्हय? चार ठानी हिंडले. कुनी म्हनतं आमच्याकडं न्हाय. कुनी म्हनतं ह्या नावाचा कुनीच न्हाय. मग येका वकिलानं सांगितलं, कलेक्टर कचेरीत जा, तितं दाद माग. म्हनून गेले. तर फाटकावरचा शिपाई म्हनतो, कोन पायजे? मी म्हनलं, कलेक्टर. तो म्हनतो, काय काम? मी म्हनलं, माझा नवरा हाय. मोप येळा सांगितलं. जितकं सांगावं तितकं हसाया लागले."

"घरी आणखी कोण असतं?"

"सासरा. दीर. जाऊ."

"सासरे काय करतात? नाव काय त्यांचं?"

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, मग सोडून दिला. "नवऱ्याचंच घेतलं, आता सासऱ्याचं काय राह्यलंय," ती म्हणाली. "गव्हर्नर."

"आणि दीर?"

"हायकोर्ट."

सिस्टर गवारे इंजेक्शनचा ट्रे घेऊन आत येत होत्या, त्या ट्रेसकट बाहेर गेल्या. बाहेरून त्यांचं हसणं ऐकू आलं. बडे भिंतीकडे तोंड करून हलत होत्या. डॉक्टरही हसले, चष्मा काढून पुसायला घेतला आणि तेवढ्यात हसून घेतलं.

"भोसले म्हंजे राजघराण्यातली का काय गं तू?" बडे म्हणाल्या.

"व्हय. राजवाडा बघाया ये माळावर. पाल उचलून आत ये."

डॉक्टरांनी चष्मा लावला. "लिहा. ग्रँडिओज डिल्यूजन. आपण फार मोठ्या माणसांतले आहोत असा भ्रम. पक्का, सगळ्या कुटुंबाला व्यापणारा. जोडीला छळाचा भ्रम. पोलीस नवऱ्याला घेऊन गेले."

मी पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्यापाशी थांबलो.

"पोलिसांनी नेलं, हेही भ्रमातच धरायचं, सर?"

"अहो काळे, जो नवराच नाही त्याला नेणार कोण?"

मी लिहिलं.

सोमवारी अकरा वाजता तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. हा कागद पुढे ठेवला की हुकूम होणार आणि बाई मोठ्या मनोरुग्णालयात जाणार, हे ठरलेलं होतं. तिथे तिला जेवण मिळालं असतं, झोप मिळाली असती. फक्त तिच्या नवऱ्याला शोधायचं कुणाला कारण उरलं नसतं. वेड्या बाईच्या डोक्यातला कलेक्टर कोण कशाला शोधेल?

तिलाही काहीतरी कळलं असावं. ती म्हणाली, "मला कुठं बी ठिवा. मी काय म्हनत न्हाय. पर त्याचा तपास लावा. आज नववा दिस हाय."

मग ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मराठीत नाही. दोनच शब्द.

"काय म्हणतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांची बोली हाय सर, पारध्यांची," बडे म्हणाल्या. "कुनाला कळत न्हाय. आमच्याकडं लॉकपमदी बी आसंच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"कळत नाही, सर," मी म्हणालो.

*

निर्णयशक्ती :

हा प्रश्न सगळ्यांना एकच विचारायचा असतो. पुस्तकात आहे. डॉक्टरांनी विचारला.

"समजा, रस्त्यात एक पाकीट पडलंय. वर पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. तुम्ही काय कराल?"

"हात लावायची न्हाय."

"का?"

"पाकिटाला हात लावला की पाकीट मारलं म्हनत्यात."

"अहो, टपालाचं पाकीट. पत्राचं."

"कसलं बी असंल. तितं थांबायची बी न्हाय. कुनी बघायच्या आत पळायचं."

पुस्तकातलं बरोबर उत्तर : टपालपेटीत टाकीन.

निर्णयशक्ती : बाधित.

*

उपचार : इंजेक्शन दिलं. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी.

*

रविवार.

रविवारचा रकाना केसपेपरवर नाही.

रविवारी डॉक्टरांकडे मला जेवायला बोलावलं होतं. हे आठ दिवस आधीच ठरलं होतं. त्यांच्या क्वार्टरच्या मागे अळूचं रान माजलं होतं, म्हणून अळूची भाजी होती, मसालेभात होता, आणि विनयाताई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पोळीवर तूप सोडताना हात आखडत नव्हत्या.

"काळे म्हणजे तुम्ही कुठले?"

"भीमेकाठचे."

"मग देशस्थ! अहो, मी म्हटलंच होतं यांना. तूप नको म्हणाला नाहीत तेव्हाच ओळखलं."

मी हसलो. मी नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. त्या गावात मी राहत होतो ती खोली मला याच आडनावावर मिळाली होती. तिथेही कुणी विचारलं नव्हतं. माणसं उत्तर आधी ठरवतात आणि मग विचारतात.

"माझ्या मावसबहिणीची मुलगी आहे," विनयाताई म्हणाल्या. "बीएड झालीये. गाते छान."

"विनया, त्यांना जेवू दे," डॉक्टर म्हणाले. मग मला म्हणाले, "कालची केस तुम्ही व्यवस्थित लिहून काढा. पुण्याच्या परिषदेत वाचू. असा बांधेसूद भ्रम मी वीस वर्षांत पाहिला नाही. नवरा कलेक्टर, सासरा गव्हर्नर, दीर हायकोर्ट! उतरंड बघा. आणि कुठे चुकत नाही बाई. तुमचंही नाव घालू."

"बघतो, सर," मी म्हणालो.

दुपारी वॉर्डवरून गेलो. सिस्टर गवारे म्हणाल्या, सकाळी त्या पारधी बाईची मान एका बाजूला वळून अडकली होती, जीभ बाहेर. इंजेक्शननं होतं असं कधी कधी. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, मग सुटली. "आता पडून आहे. पण झोपत नाही हो. टक्क उघडे डोळे. आणि विचारते काय, तर आज दहावा ना? मी म्हटलं, आज नऊ तारीख. तर माझ्याकडे बघतच राहिली."

मी दारातून पाहिलं. ती खाटेखाली पडली होती, फरशीवर. मी आत गेलो नाही.

*

सोमवार, सकाळचे आठ.

"आलास," ती म्हणाली.

हे ती मराठीत म्हणाली नाही, आणि पुढचं मीही मराठीत बोललो नाही. इथे मराठीत लिहितो आहे कारण ती बोली कागदावर कशी लिहायची ते मला कुणी शिकवलं नाही.

"मान दुखते?" मी विचारलं.

"दुखते. तू कुणाचा?"

शनिवारी तिने हेच विचारलं होतं. तू कुणाचा.

"इंजिन काळ्याचा."

"कुठला इंजिन? रुळाकडचा?"

"हो. वारला."

"आणि तू?"

"जामीन."

तिने मान हलवली. दुखरी मान, जेवढी हलली तेवढी. बंडू किंवा दत्तू ऐकल्यावर हलवावी तशी. "मिळाला होता का?"

"मिळाला होता. मी झालो त्याच दिवशी. तेरा महिन्यांनी बाप बाहेर आला. म्हणून तेच नाव ठेवलं."

आमच्यात नावं अशी ठेवतात. माझ्या मामाच्या पालाशेजारी एक गव्हर्नर होता, त्याला शेळ्यांचे दात बघून वय सांगता यायचं. माझ्याबरोबर आश्रमशाळेत एक फौजदार होता, एक वॉरंट होता आणि एक मुलगी होती, तिचं नाव बिस्किट. बाळाच्या जन्माच्या दिवशी कानावर पडलेला मोठा शब्द उचलायचा. आत्या म्हणायची, ज्याची भीती वाटते त्याचं नाव घरातल्या पोराला ठेवलं की तो आपल्यावर ओरडायच्या ऐवजी आपण त्याच्यावर ओरडतो. गव्हर्नर, शेळ्या कुठं सोडल्यास रे? हेडमास्तरांनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा माझ्यापाशी थांबून म्हणाले, हे काय नाव झालं, आणि जामीन खोडून जयंत लिहिलं. आडनाव त्यांना चाललं. काळे कुणीही असू शकतो.

"शनिवारीच ओळखलं तुला," सोजर म्हणाली. "सगळी हसली. तू हसला नाहीस. आपल्यातला नसतास तर तूही हसला असतास."

मी तिच्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे पाहिलं.

"कळत नाही म्हणालास तू त्यांना."

"हो."

"घाबरलास?"

"हो."

"मग मी काय म्हणते?" तिने भिंतीला धरून बसल्या जागी नीट होऊन पाय जवळ घेतले. "मी पण घाबरते. घाबरतच फाटकापर्यंत गेले. तुझं ऐकतील ते. तुझ्या हातात पेन आहे. जा."

*

दहा वाजता मी खोलीवर जाऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आलो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. संस्थेनं तो कधी मागितला नव्हता.

डॉक्टरांनी वाचला. दोनदा वाचला, बोट ठेवून.

"जामीन इंजिन काळे. नावात बदल, जयंत." त्यांनी वर पाहिलं. "हे तुम्ही?"

"हो."

"इंजिन हे वडिलांचं नाव."

"हो, सर."

"हे खरं नाव? टोपणनाव नाही?"

"त्यांना दुसरं नव्हतं."

खिडकीबाहेर एक्स-रेची रांग होती. कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. डॉक्टरांनी कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"म्हणजे तिचा सासरा गव्हर्नर..."

"असेल. म्हातारा असेल कुणीतरी."

"आणि हायकोर्ट."

"तोही असेल."

"तुम्ही यांना ओळखता?"

"नाही. मी यांच्यातल्या कुणालाच ओळखत नाही. तिचा नवरा खरंच आहे की नाही, पोलिसांनी नेला की नाही, मला माहीत नाही. हे नाव माणसाचं असू शकतं, एवढं मला माहीत आहे."

"तेवढं पुरे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि ते पाकीट? पाकिटाचं काय?"

"मीही हात लावत नाही, सर."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे.

"हे तुम्ही शनिवारी का नाही सांगितलंत?"

"ओपीडी बंद व्हायची वेळ झाली होती," मी म्हणालो.

त्यांनी लाल पेन काढलं. केसपेपरवरच्या त्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि रेघेशेजारी सही केली. खाली स्वतःच्या हातानं लिहायला लागले. त्यांचं अक्षर खराब आहे. झेरॉक्समध्ये आणखी खराब आलं आहे. ते असं आहे : पतीचे नाव कलेक्टर गव्हर्नर भोसले. पारधी समाजात अशी नावे आढळतात. पतीस पोलिसांनी नेल्याचे रुग्णा शनिवारपासून सातत्याने सांगते, त्या दिवशी नववा दिवस असल्याचेही तिने सांगितले. भ्रम म्हणता येत नाही. झोपेचा अभाव व तीव्र चिंता आहे, ती परिस्थितीला धरून आहे. पतीचा शोध घेतला जावा.

"पारधी समाजात अशी नावे आढळतात," त्यांनी वाचून दाखवलं. "मॅजिस्ट्रेट विचारतील, कशावरून. आधार काय लिहू?"

"माझं नाव लिहा."

"कोणतं?"

मी दोन्ही सांगितली. त्यांनी दोन्ही लिहिली.

मी त्या दवाखान्यात आणखी पाच महिने होतो. डॉक्टर मला तेव्हाही अहो काळे म्हणत. जेवायचं बोलावणं पुन्हा आलं नाही. पण विनयाताई मधले दोन महिने माहेरी होत्या, तेव्हा त्यातून काही काढू नये. परिषदेत केस वाचली गेली नाही. खोली सोडावी लागली. मालक म्हणाले, पुतण्या राहायला येणार आहे. पुतण्या आलासुद्धा.

*

मॅजिस्ट्रेटनी कागद वाचला आणि हसले नाहीत. सरकारी वकिलाला विचारलं, या नावाचा इसम जिल्ह्यातल्या कुठल्या ठाण्यात आहे का, उद्यापर्यंत कळवा. बाईंना ठेवण्याचा हुकूम करत नाही.

मंगळवारी दुपारी एका तालुक्याच्या कोर्टात कलेक्टर भोसले नावाचा आरोपी हजर करण्यात आला. संशयावरून, काल सायंकाळी अटक. कागदावर बेस्तरवार कुठेच नव्हता. मधले अकरा दिवस कुठल्याच ठाण्याच्या कुठल्याच वहीत नव्हते. ते फक्त एका ठिकाणी लिहिलेले होते : आमच्या केसपेपरवर, शनिवारच्या तारखेला, माझ्या अक्षरात, लाल रेघेखाली. छळाचा भ्रम, पोलीस नवऱ्याला घेऊन गेले. रेघेखालचं नीट वाचता येत होतं.

सोजरला फाटकाचा रस्ता दाखवणाऱ्या वकिलानं त्याच कागदाच्या आधारे ठाण्याविरुद्ध तक्रार गुदरली. झेरॉक्स तेव्हाचा.

*

दीड महिन्यानं मी माळावर गेलो. पुरावा नाही म्हणून कलेक्टरला तोवर सोडून दिलं होतं. वकिलाचा निरोप होता : सुनावणीची तारीख लागली आहे, दोघांना सांगून या. हायवेच्या कडेला सात-आठ पालं होती. एका पालापुढे सोजर चुलीपाशी बसली होती. एक म्हातारा शेळी बांधत होता. तो गव्हर्नर असावा. मला कुणी ओळख करून दिली नाही.

कलेक्टर खाटेवर होता. लहानखुरा माणूस, मिशा मात्र भरदार. मला बघून तो उठायला लागला, मी बसवलं आणि शेजारी बसलो.

"हाच तो," सोजर म्हणाली. "इंजिनचा. जामीन."

"जामीन!" कलेक्टर मोठ्याने हसला. "बघ म्हाताऱ्या, जामीन आला बघ आपल्या दारात! कोर्टात मिळाला नाही, पायानं चालत आला. उशिरा आलास रं गड्या. पर आलास."

आम्ही चहा प्यायलो. तो बोलका होता. ठाण्याची गोष्ट त्याने लग्नाची सांगावी तशी सांगितली. कोण जाड, कोण बारीक, कुणाच्या पायाला घाण वास यायचा. "पयले नऊ दिवस काही खास नाही," तो म्हणाला. "नेहमीचंच. उकिडवं बसव, चापटी मार. शिपाई पण कंटाळलेले. एक तर मला बिडी द्यायचा. दहाव्या दिवशी दुसरा साहेब आला. आयतवार होता. मागच्या लाइनीत कुणाच्या तरी घरात टीव्हीवर पिक्चर लागला होता, गाणं ऐकू येत होतं. साहेबानं विचारलं, नाव काय? मी म्हणलं, कलेक्टर. तो म्हणाला, माझी चेष्टा करतो? आणि दिली कानफटात. उलट्या हाताची. गाणं बंदच झालं. मला वाटलं, टीव्ही बंद केला." तो पुन्हा हसला. "शिट्टी वाजती आतमधी. अजून वाजती. डागदर म्हणतो, आता असंच."

सोजर चुलीत फुंकत होती.

मी पेला खाली ठेवला. "मला शनिवारीच कळलं होतं," मी म्हणालो. आवाज काही मोठा निघाला नाही. "तुझं नाव ऐकलं तेव्हाच. आदल्या दिवशी. मी सांगितलं नाही."

कलेक्टर समोर हायवेकडे बघत होता. एक टँकर गेला, त्याच्यामागे दुसरा. त्याच्या मिशांखाली मघाचं हसू अजून होतं. त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि गाळ जमिनीवर झटकला.

सोजरनं फुंकणी बाजूला ठेवली.

"त्या कानानं नाही ऐकू येत त्याला," ती म्हणाली. "इकडून ये. इकडून सांग."

मी उठलो. खाटेला वळसा घालून पलीकडे गेलो आणि त्याच्या डाव्या हाताला बसलो. त्याने सरकून जागा करून दिली, मान माझ्याकडे कलती केली.

"हां," तो म्हणाला. "बोल आता."

सोजर बघत होती.

मी त्याला सुनावणीची तारीख सांगितली. वेळ सांगितली. जिना चढून उजवीकडची तिसरी खोली, तेही सांगितलं.